पुढच्या चार रांगा

३ जानेवारी २०१९, गुरुवार

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई उत्तरेकडच्या, सूस शहरातल्या आहेत, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. छातीचा आलेख काढला, तो चांगला आला. म्हणाल्या, "धडधड कधी होते, तेव्हा काय चाललेलं असतं, ते रोज लिहीत जा. गोळीचं नंतर बघू." म्हणून ही वही. माझ्या मुलीची, रिहाबची, भूगोलाची आहे, मागची पानं कोरी होती.

आज धडधड नाही. आज माझी रजा होती.

१० जानेवारी, गुरुवार

डेपोचे प्रमुख नौफलसाहेब, त्यांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसलो.

डॉक्टरीणबाई बाहेरच्या, त्यांना माहीत नसेल म्हणून लिहितो. आमच्याकडे शाळेच्या बस दोन. वरच्या गावाची रऊफ चालवतो, खालच्या गावाची मी. शाळा एक, रस्ता एक, घंटाही एकच. माझ्या वडिलांच्या लहानपणी बसही एकच होती म्हणतात. मग कुठल्याशा लग्नावरून भांडण झालं आणि दोन झाल्या. भांडण कुणाला धड आठवत नाही, बस मात्र दोनच राहिल्या. वरचे लोक स्वतःला 'अहरार' म्हणवतात, म्हणजे मुक्त माणसं. आम्ही खालचे काळे. आमचे पणजोबा त्यांच्या पणजोबांच्या घरी गुलाम होते. आम्ही मुक्त नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

नौफलसाहेब म्हणाले, "राजधानीत कायदा झालाय, रंगावरून भेद करायचा नाही म्हणून, तुला माहीत असेलच. तिथून विचारणा आलीय, दोन बस कशाला म्हणून. रऊफची गाडी दुरुस्तीला चाललीय. सोमवारपासून एकच बस, दोन्ही गावांना. ती तू चालवायचीस."

मी म्हटलं, "साहेब, रऊफ माझ्यापेक्षा जुना आहे."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, फरजानी. तू समजूतदार माणूस. तुझी माणसं तुझं ऐकतात."

मग म्हणाले, सुरुवातीला पुढच्या चार रांगा वरच्या मुलांसाठी मोकळ्या ठेव. सवय होईपर्यंत. ते बरोबरच आहे. गाडी आमच्या गावातून सुटते, आमची मुलं आधी चढतात. सगळी बस भरून वर नेली, तर ती पोरं बसणार कुठे?

जिना उतरताना धडधड झाली. पण ती आनंदाची असेल.

१३ जानेवारी, रविवार

सालहाला सांगितलं. ती गव्हाची सोजी चाळत होती, चाळणी थांबवली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं हा विश्वास कुठे ठेवला होता त्यांनी?"

माझ्या बायकोला कुणाचं चांगलं दिसतच नाही.

मला वाटलं होतं, रिहाबला आनंद होईल. यंदा तिचं शेवटचं वर्ष, शाळा संपतानाची मोठी परीक्षा जूनमध्ये. तिने एवढंच विचारलं, "आम्ही मागे बसायचं, हे कुणी ठरवलं?"

मी म्हटलं, "मी ठरवलं." साहेबांचं नाव मुद्दाम घेतलं नाही. उगाच त्यांच्याबद्दल तिचं मत वाईट व्हायला नको.

१४ जानेवारी, सोमवार

सकाळी गाडी आतून पुसली. आमची मुलं चढली, त्यांना सांगितलं, पाचव्या रांगेपासून मागे. "बरं, फरजानीकाका," म्हणाली आणि गेली. चांगल्या वळणाची आहेत.

वरच्या थांब्यावर मुलं होती, आईबापही होते. मी दार उघडलं. कुणी चढेना. लज्हर पुढे आला. त्याच्या ऑलिव्हच्या बागेत माझे वडील राबले, आणि त्याची मुलगी इब्तिसाम रिहाबच्याच वर्गात आहे.

"फरजानी, गाडी रिकामी करून आण, मग मुलं चढतील."

"पुढच्या चार रांगा रिकाम्याच आहेत. बघा हवं तर."

"दार एकच आहे ना?"

थोडा वेळ थांबलो, मग निघालो. पुढे रिकामी, मागे दाटीवाटी, अशी बस शाळेत गेली. चढावर मागचा भार जाणवत होता. रिहाब पूर्ण रस्ताभर फोन वर धरून काहीतरी करत होती. या पोरींना दुसरं सुचत नाही.

वरची मुलं नंतर छोट्या ट्रकमधून आली, थंडीने काकडत. मला वाईट वाटलं.

धडधड: थांब्यावर, आणि आत्ता लिहिताना.

१७ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी सांगितलं, रोज अहवाल द्यायचा. कोण आरडाओरडा करतं, कोण धक्काबुक्की करतं. मी तीन दिवस 'सर्व शांत' असं लिहिलं. आज बोलावून म्हणाले, "काहीच होत नाही, असं कसं? पोरं म्हणजे पोरं. तुझ्या गावची आहेत म्हणून झाकू नकोस." शिस्तीची किती काळजी त्यांना. मी विचार करकरून लिहिलं: एका मुलाने खिडकीतून संत्र्याची सालं टाकली.

साहेबांनी तो कागद नीट घडी घालून ठेवला.

२८ जानेवारी, सोमवार

वरची मुलं चढली. सगळी नाही, पण निम्म्याच्या वर. ट्रकवाला रोज रोज यायला कंटाळला असणार. मुलं पुढच्या चार रांगांत बसली, आमची सहावीपासून मागे. पाचवी रांग कुणी न सांगताच रिकामी राहिली.

कुणी भांडलं नाही. एक शब्दही कुणी कुणाशी बोललं नाही. इतकी शांत बस मी आयुष्यात चालवली नाही. नौफलसाहेबांना फोन करून सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला असं म्हणता येणार नाही, पण ते कामात होते.

उतरताना वरचा एक सातवीतला मुलगा म्हणाला, "ए फरजानी, आरसा नीट कर, मागचे दिसतात." पोरं हसली. मीही हसलो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार



सकाळी रिहाब चढली आणि दुसऱ्या रांगेत बसली. दप्तर मांडीवर. मला वाटलं, विसरली. म्हटलं, "रिहाब, तिथे नाही."

"मला इथे बसायचंय."

आमच्या गावात वाद नको म्हणून मी गाडी काढली. वाटलं, वर पोचेपर्यंत उठेल. नाही उठली. वरच्या थांब्यावर मुलं पायरीवरच थांबली. खाली लज्हर होता, बाकीचे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी उभा राहिलो. म्हटलं, "ऊठ. मागे जा."

"पास सगळ्यांचा सारखाच आहे, बाबा."

"मी इथे तुझा बाबा नाही. ड्रायव्हर सांगतोय, मागे जा."

तिने दप्तर खांद्याला लावलं. मग उठली. मला वाटलं, सुटलो. पण ती मागे गेली नाही. पायऱ्या उतरली, गर्दीतून वाट काढून रस्त्याला लागली आणि शाळेच्या दिशेने चालायला लागली. मागून आमच्या गावची सगळी मुलं उठली. एकेक करून माझ्याजवळून गेली. कुणी 'काका' म्हटलं नाही.

वरची मुलं चढली. मी दार लावलं. वाटेत त्यांना ओलांडून गेलो. वारा सुटला होता, रिहाबने ओढणी तोंडावर घेतली होती. मी गाडी थांबवली नाही. शाळेची वेळ असते.

इब्तिसाम मागच्या काचेतून बघत होती, रिहाब दिसेनाशी होईपर्यंत.

१३ फेब्रुवारी, बुधवार

मुलं आज घरूनच चालत निघाली. अंधार फिटायच्या आत.

सालहाने चहा केला, पण माझ्यापुढे ठेवला नाही. चुलीजवळच ठेवला. मी उठून घेतला.

म्हटलं, "तिला समजाव. हट्टाने काय होतं?"

ती म्हणाली, "मी काय समजावू? ड्रायव्हर तुम्ही आहात."

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

गावातून रिकामी गाडी घेऊन निघतो. वाटेत मुलं दिसतात. मी वेग कमी करतो, ती बाजूला होतात, धूळ उडू नये म्हणून. मग मी पुढे जातो.

धडधड रोज, त्याच वळणावर.

२० फेब्रुवारी, बुधवार

नौफलसाहेब खूश. पुन्हा खुर्ची दिली, कॉफी मागवली. "बघ, आपोआप सुटलं. मी म्हटलं नव्हतं, तू समजूतदार आहेस?"

मी म्हटलं, "साहेब, मुलं चालत जातात. लांब पडतं."

"कुणी चालायला सांगितलं? बस आहे, दार उघडं आहे. ती आपणहून येत नाहीत." मग एक कागद वाचून दाखवला. खालच्या गावचे प्रवासी स्वेच्छेने सेवा घेत नाहीत, बेशिस्तीच्या तक्रारीही आहेत, सबब खालचा थांबा बंद करावा. खाली साक्ष म्हणून माझं नाव. "तू त्यांच्यातलाच, तुझी सही असली की राजधानीतल्यांना पुढे काही विचारायला नको."

संत्र्याच्या सालांचाही त्यात उल्लेख होता.

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिलाय, साहेब."

चष्मा माझ्या खिशात होता. त्यांना खिशातून दिसतही असणार.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

रऊफ भेटला, डेपोबाहेरच्या लबलाबीच्या, म्हणजे हरभऱ्याच्या रश्श्याच्या टपरीवर. रऊफ वरच्या गावचा आहे, पण माझ्याशी कधी वाकडा वागला नाही. वाडग्यात ब्रेड कुस्करत होता. कागदाचं सांगितलं तर हसला.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"तुला अजून कळलं नाही का रे? एका बसचं आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, माझ्या गावची माणसं मुलं चढू देणार नाहीत आणि ठपका माझ्यावर येईल. तर म्हणाले, मग ज्याच्यावर ठपका आलेला चालेल, त्याला देऊ."

"आणि तुझी गाडी? दुरुस्तीला गेलीय ना?"

"डेपोच्या मागे उभी आहे. आज सकाळी मीच धुतली."

मी बघून आलो. उभी होती. टायरसुद्धा नवे.

मला राग यायला हवा होता. आधी लाज वाटली. मी त्या खुर्चीवर किती ताठ बसलो होतो, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

घरी आल्यावर सालहाला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी म्हटलं नव्हतं. ती तसं म्हणाली नाही. तिने मला चहा दिला, आणि म्हणाली, "उद्या तिचा गणिताचा पेपर आहे."

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

गावाबाहेरच्या विहिरीच्या पुढे मुलांना गाठलं. गाडी थांबवली, दार उघडलं. म्हटलं, "चढा."

कुणी हललं नाही. रिहाब म्हणाली, "कुठे बसायचं?"

"कुठेही. आधी जो चढेल त्याने पुढे."

"आणि वरच्या थांब्यावर?"

"तिथेही तुम्ही जिथे असाल तिथेच."

ती पायरीशी आली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही वाटत. पेपरला उशीर होईल, चढ."

चढली. सगळी चढली, पुढून भरत गेली, जशी कुठलीही बस भरते.

वरच्या थांब्यावर लज्हरने काचेतून आत बघितलं आणि सरळ गाडीपुढे येऊन उभा राहिला. दोघे तिघे त्याच्या बाजूला. मी इंजिन बंद केलं. मला वाटतं माझ्या छातीचा आवाज त्यांना ऐकू जात होता.

"पुढच्या रांगा मोकळ्या कर."

"मागे जागा आहे, लज्हर. सगळ्यांना पुरेल एवढी."

"आमची मुलं ह्यांच्या मागे बसणार?"

"बसली तर शाळेत पोचतील."

"तुझा बाप आमच्या घरचं मीठ खाऊन मेला."

"तुमची झाडं झोडपून मेला," मी म्हटलं. हे मी म्हटलं की दुसऱ्या कुणी, असं मला क्षणभर वाटलं. "बाजूला व्हा. आत परीक्षेची मुलं आहेत. तुमची मुलगीही आहे बाहेर."

तो हलला नाही. मीही इंजिन सुरू केलं नाही. मागून कुणीतरी नौफलसाहेबांना फोन लावला, लगेच साहेबांच्या नावाने माझा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. एक म्हातारा म्हणत होता, गाडी ढकलून द्या वहाळात. बसमधली लहान मुलं रडवेली झाली होती. मला एकच भीती, मागून कुणी दगड मारला तर काच कुणावर पडेल.

मग इब्तिसाम पायरीवर चढली. लज्हर ओरडला नाही, फक्त म्हणाला, "खाली उतर, पोरी."

ती म्हणाली, "बाबा, गणिताचा पेपर आहे. तो परत होत नाही."

आणि मागे चालत गेली. रिहाब तिसऱ्या रांगेत होती, तिच्याकडे तिने बघितलंही नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मागून आणखी दोन मुली चढल्या, मग एक मुलगा. बाकीची आईबापांचे हात धरून उभी.

लज्हर तरी बाजूला झाला नाही. शेवटी त्याची बायको आली आणि त्याचा कोट धरून त्याला कडेला ओढलं. तिच्या तोंडावर माझ्यासाठी दया नव्हती. मुलगी आत होती, एवढंच.

पोचायला उशीर झाला. पर्यवेक्षकांनी पेपरला बसू दिलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

निलंबित. कारण: गाडी वाटेत बंद ठेवणे, वेळ न पाळणे, वरिष्ठांचा फोन न घेणे. तिन्ही खरं आहे.

नौफलसाहेबांनी उभ्याउभ्याच सांगितलं. म्हणाले, "मी तुझं भलं करायला गेलो."

आजपासून बस रऊफ चालवतो. एकच बस. राजधानीतून विचारणा चालू आहे तोवर त्यांना ती दोन करता येत नाही, असं रिहाब म्हणते. हे तिला कसं माहीत, मला कळत नाही.

२ मार्च, शनिवार

कळलं. राजधानीहून एक वकीलबाई आल्या, दोर्रा त्यांचं नाव, आमच्यासारख्याच रंगाच्या. रिहाब त्यांना महिनाभर फोटो पाठवत होती. मी म्हणत होतो, पोरगी फोनमध्ये डोकं घालून असते.

बाईंनी फोटो टेबलावर मांडले. रिकाम्या चार रांगा, मागे कोंबलेली मुलं. दुसऱ्या दिवशीचा, तिसऱ्या दिवशीचा. प्रत्येकात वरच्या आरशात माझा चेहरा.

बाई म्हणाल्या, "चौकशीत हे दाखवायचं तर तुम्हीही दिसणार. लोक म्हणतील, मागे तुम्हीच बसवत होता. रिहाब म्हणतेय, तुमची इच्छा नसेल तर नको."

मी रिहाबकडे बघितलं. ती नखं खात होती. लहानपणीची सवय, मला वाटायचं सुटली.

मी म्हटलं, "दाखवा."

१४ मार्च, गुरुवार

चौकशी झाली, जिल्ह्याच्या ठिकाणी, गाबेसला. लांब टेबल, त्यामागे चार माणसं. मला विचारलं, मुलांना मागे बसायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, नौफलसाहेबांनी मला, आणि मी मुलांना. साहेब म्हणाले, असं आपण कधी बोललोच नाही. कागदावर असं काही नव्हतंच.

मग रऊफने साक्ष दिली. तो येईल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाडग्यात ब्रेड कुस्करताना बोलला होता, तेच शब्द न बदलता बोलला. खाली बघत. बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, "सोड रे, आता मला वरती दुकानात उधारसुद्धा कुणी देणार नाही." आणि सिगारेट मागितली. त्याला माहीत आहे मी ओढत नाही.

२८ मार्च, गुरुवार

निकाल आला. बस एकच राहणार, थांबे दोन्ही राहणार, कुणासाठी जागा राखायची नाही, असं लेखी. मला ताकीद, आणि दुसऱ्या मार्गावर बदली, शहरापासून किनाऱ्यापर्यंत. नौफलसाहेबांची गाबेसच्या मुख्य कार्यालयात बदली झाली. रऊफ म्हणतो, ती बढती आहे.

वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं. सालहाने विचारलं, "जिंकलो का?" मी म्हटलं, "मला वाटतं हो."

वरच्या गावची निम्मी मुलं अजून ट्रकने जातात.

१ एप्रिल, सोमवार

नव्या मार्गावर पहिला दिवस. डेपोला पोचायला मला मुलांच्या बसनेच जावं लागतं. प्रवासी म्हणून ह्या गाडीत मी कधी बसलो नव्हतो. रऊफने दार उघडलं. मी चढलो आणि सरळ मागे चालायला लागलो. पाचव्या रांगेशी पोचल्यावर लक्षात आलं. पुढे सगळी जागा होती. कुणी हसलं नाही. मी परत फिरलो आणि पहिल्या रांगेत, खिडकीशी बसलो.

वरच्या थांब्यावर मुलं चढली. मागे, पुढे, जिथे जागा तिथे. इब्तिसाम रिहाबच्या पुढच्या बाकावर बसली. दोघी बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने इब्तिसामने न वळताच हात मागे केला आणि रिहाबने तिला खोडरबर दिलं.

शेवटी लज्हर चढला. त्याला शहरात कचेरीचं काम असावं, हातात पिशवी होती. बस भरली होती. एकच जागा उरली होती, माझ्या शेजारची.

त्याने जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी खिडकीकडे सरकलो, जितकं सरकता येईल तितकं. तो उभा राहिला. वरची दांडी धरून, पिशवी दोन्ही पायांमध्ये ठेवून. त्याची मुलगी मागून बघत होती, माझीही.

तो माझ्यापेक्षा मोठा आहे, गुडघ्यांनी अधू आहे. वळणावर गाडी हिंदकळली की त्याचा कोट माझ्या खांद्याला लागायचा. त्याच्यासमोर बसून राहायची मला सवय नाही. माझ्या वडिलांनाही नव्हती. चढावर आणि पुन्हा नाक्याजवळ माझे पाय आपोआप उठायला निघाले. मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

जागा शहरापर्यंत रिकामी राहिली. तो बसला नाही. मी उठलो नाही.